कुलूपबंद पीडीएफच्या प्रकाशकांस अनावृत पत्र

परमादरणीय प्रकाशक महोदय,


आपलं ई-पुस्तक रोख पैसे मोजून घेतलं. उघडतो तो काय, प्रत्येक पानावर तिरपं माझंच नाव आणि मोबाइल नंबर, तेही नेमके मजकुरावर! एवढी प्रसिद्धी मला घरच्या लग्नपत्रिकेतही मिळाली नव्हती. आभारी आहे.

परीक्षणासाठी चार ओळी हव्या होत्या. कॉपी करायला बंदी! १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी एवढी मुभा देतं. पण संसदेपेक्षा आपण थोर.

आणि कुलपाची काय तारीफ करावी! फाइल उघडायला पासवर्ड नाही. ‘कॉपी करू नये’ अशी नुसती खूण आत ठेवलेली; ती मानायची की नाही, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सज्जनपणावर. ओक्युलर या फुकट सॉफ्टवेअरात तर त्यासाठी एक चौकोनच आहे. टिक काढली की कुलूप गळालं. तेही नको असेल तर स्क्रीनशॉट, नाहीतर दुसऱ्या फोनचा कॅमेरा. डोळ्यांना दिसेल पण कॅमेऱ्याला दिसणार नाही, असं पान आपण काढलंत की पहिला हार माझा.

बरं, कुलूप काढून तरी हाती काय लागतं? पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टात जुळवलेलं. मराठी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. दृष्टिहीन वाचकांवर तर आपला विशेष लोभ: २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात त्यांच्यासाठी सुलभ प्रतीची सोय झाली, आणि आपल्या कृपेने स्क्रीन रीडर एक तर मौन पाळतो, नाहीतर हाच काला खणखणीत आवाजात वाचून दाखवतो.

तरी आपण दयाळूच. २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलचं ‘१९८४’ परस्पर पुसलं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली. दोघांनी पैसे परत केले म्हणा. आपण पुस्तक माझ्याकडे ठेवलंत, पैसे स्वतःकडे.

दरम्यान कुणीतरी आपली छापील प्रत स्कॅन केली. ती पीडीएफ फोनाफोनांवर फिरते आहे. तिच्यावर ना नाव, ना नंबर, ना कुलूप. वर चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर केल्यामुळे शब्दही शोधता येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा मान मात्र आपलाच.

तेव्हा कृपावंत, माझा नंबर हवा तर पहिल्या पानावर छापा. पण कुलूप काढा आणि मजकूर युनिकोडमध्ये द्या. पुढच्या पुस्तकाचे पैसे आजच भरतो.

आपला नम्र,
पावती जपून ठेवलेला एक ग्राहक