इंजिनामागचे वऱ्हाड

प्रतिकृती रेल्वेच्या छंदाचे तीन भाग पडतात : रूळ मांडून गावे-घाट उभारणे, गाड्या चालवणे आणि गाड्या विकत घेणे. पहिल्या दोहोंना जागा आणि सवड लागते, म्हणून बरेच संग्राहक तिसऱ्यातच मुरतात. या वस्तूला ‘खेळण्यातली आगगाडी’ म्हटलेले त्यांना खपत नाही. भारताच्या कस्टम खात्याला मात्र हा भेद मान्य नाही. खात्याच्या वर्गवारीत प्रतिकृती आणि बाहुली एकाच शीर्षाखाली बसतात, आणि त्या शीर्षावरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाले. तत्त्वाचा प्रश्न पार्सल सुटेपर्यंत बाजूला ठेवावा लागतो.

या धंद्याचे पाय पाळण्यातच दिसले होते. जर्मनीत ग्योपिंगेन येथे १८५९ साली स्थापन झालेली मेर्कलिन कंपनी आधी बाहुलीघरातली पत्र्याची भांडीकुंडी करी. एकदा बाहुलीचे घर पोरीच्या हाती दिले की पुढे कित्येक वर्षे त्यात तवे आणि किटल्या भरत राहता येते, हे ती पुरते ओळखून होती. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत तिने किल्लीची गाडी मांडली, ती ठरावीक मापाच्या रुळांसह. माप ठरले की आजच्या रुळाला पुढच्या नाताळातला रूळ जोडता येतो. आणि जोडता येतो म्हटले की जोडावाच लागतो. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेनला तर गिऱ्हाइकांनीच शहाणे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने दुकानाच्या काचेत माल मिरवण्यासाठी विजेवर फिरणारी एक उघडी वाघीण बनवली. लोक आत आले आणि मालाऐवजी वाघीणच मागू लागले.

खरेदीपूर्वी माप ठरवावे लागते. जगात सर्वाधिक चालते ते एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. त्याहून लहान एन, ९ मिलिमीटरचे. आणखी लहान हवे असेल तर मेर्कलिनने १९७२ साली आणलेले झेड, १:२२० चे. त्याचे इंजिन शर्टाच्या खिशात मावते, त्यामुळे घरात शिरताना चौकशी होत नाही. इंग्रजांनी या बाबतीत स्वतंत्र बाणा दाखवला. त्यांची खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १:८७ मध्ये उतरवल्यावर त्या काळची मोटार पोटात मावेना. तेव्हा मोटार लहान करण्याऐवजी त्यांनी इंजिन १:७६ इतके फुगवले आणि रूळ होते तेच ठेवले. हिशेबाने या ‘डबल-ओ’ मापाला १८.८३ मिलिमीटरचे रूळ हवेत. या सव्वादोन मिलिमीटरच्या तुटीवरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे, आणि १८.८३ चे रूळ घरी बसून घडवणारा एक कडवा पंथही आहे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर एचओत उतरवले तर १९.३ भरतात. तरी भारतीय गाड्या बहुधा त्याच १६.५ वर धावतात आणि त्यावरून कोणी कोणाशी बोलणे सोडलेले नाही.

इंजिनांत मानाचे पान ‘क्रोकोडाइल’ला : गोटहार्डच्या घाटातले लांब नाकाचे, वळणावर अंग मुरडणारे स्विस विजेचे इंजिन. मेर्कलिन ते १९३० च्या दशकापासून विकत आली आहे. मराठी माणसाला हे ध्यान परके नाही. जीआयपी रेल्वेने बोरघाट आणि कसारा घाटासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणलेली, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखली गेलेली इंजिने त्याच कुळातली. घाटात त्यांना ‘खेकडा’ म्हणत. तेव्हा पुण्या-कल्याणचा संग्राहक स्विस मगर विकत घेतो ती ‘आपल्याच घाटातली’ म्हणून, आणि मग हिरव्या रंगावर किंवा किमतीवर चर्चा होऊ देत नाही.

पण इंजिन हा नवरदेव. तो एकटा येत नाही. मागे शोभेलसे वऱ्हाड लागते, आणि ते कोणतेही चालत नाही. युरोपीय कंपन्या खोक्यावर रेल्वेच्या इतिहासातल्या कालखंडाचा रोमन आकडा छापतात. तिसऱ्या कालखंडाच्या इंजिनामागे चौथ्यातला डबा लावला तर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही, लावणाऱ्याला मात्र झोप लागत नाही. मालगाडीची तऱ्हा निराळी. कोळशाच्या दहा वाघिणी एकसारख्याच हव्यात, पण प्रत्येकीच्या कुशीवरचा नंबर वेगळा हवा, कारण खऱ्या रेल्वेत एका नंबरच्या दोन वाघिणी नसतात. तो नंबर भिंगाशिवाय वाचता येत नाही. कंपन्या म्हणून तीच वाघीण वेगवेगळ्या नंबरांनी विकतात आणि एकाच माणसाला एकच वस्तू अनेकदा, त्याच्या संमतीने, विकण्याचे अवघड काम त्यांना साधते. शिवाय काही वाघिणी कारखान्यातूनच मळवून येतात : कडांना गंज, तळाला ब्रेकची तांबूस धूळ. या मळक्या वाघिणीला स्वच्छ वाघिणीपेक्षा जास्त पैसे पडतात. तरीही हौसेचा खरा कस वाघिणींतच लागतो. इंजिन कोणीही घेतो. करड्या रंगाच्या वाघिणीसाठी जीव टाकणारा माणूस विरळा.

नव्या मालात एकच खाचखळगा ध्यानात ठेवावा. खोक्यावर ‘डिजिटलसाठी सज्ज’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ इंजिनात खाच सज्ज आहे; तीत बसवायचा, डिजिटल हुकूम समजणारा डिकोडर वेगळा घ्यायचा.

जुन्या बाजारात जास्त सावध राहावे. इंजिन उलटे करून आधी चाके पाहावीत : कडेचा मुलामा उडून पितळ दिसत असेल, तर ‘एकदाच चालवले आहे’ हे वाक्य मनावर घेऊ नये. पुढच्या टोकाची शिडी, बफर आणि पँटोग्राफ जागेवर आहेत का, हे मोजावे. मेर्कलिनच्या एचओ गाड्या मधल्या तिसऱ्या वाहकातून वीज घेतात आणि त्यांची चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी नसतात. दोन रुळांच्या साध्या मांडणीवर त्यांतली एखादी वाघीण ठेवली तरी शॉर्ट होतो. सर्वांत मोठे दुखणे जस्ताचे. ओतकामाच्या जस्तात शिसे मिसळले गेले असेल, तर धातू काही वर्षांनी आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत हे फार आढळते. त्यावर औषध नाही. फक्त तो माल आपल्याआधी कोणी तरी घ्यावा, एवढीच आशा करता येते.

किमतीचा मोठा वाटा खोक्याचा असतो. मूळ खोके, आतले वेष्टण, माहितीपत्रक असे सगळे असेल तर भाव चढतो. जुनी रिकामी खोकीही स्वतंत्रपणे विकली जातात. न उघडलेल्या खोक्याला सर्वाधिक मान, कारण त्यातले इंजिन कसे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

जागेचा हिशेब शेवटी येतो, तो मुद्दामच. आपला निळा आयसीएफ डबा बफरांसकट सुमारे २२ मीटर. एचओत तो पंचवीस सेंटिमीटर होतो, आणि चोवीस डब्यांची गाडी सहा मीटर. ती दिवाणखान्यात उभी केली तर इंजिन बाल्कनीत आणि गार्ड स्वयंपाकघरात येतो. हे ज्यांनी निभावले ते थोर. गायक रॉड स्टुअर्टने अमेरिकन शहराची भली मोठी मांडणी उभारली. दौऱ्यावर तो इमारतींच्या कामासाठी हॉटेलात एक खोली जास्तीची घेई. पुण्यात भाऊ जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडला आहे, आणि तिथे गाड्या खरोखर धावतात. इतरांच्या गाड्या कपाटात राहतात.

कपाटातल्या इंजिनाचे ग्रीस घट्ट होते, म्हणून ते अधूनमधून चालवावे लागते. त्यासाठी रोलरचा स्टँड मिळतो. त्यावर इंजिन ठेवले की चाके फिरतात, दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि इंजिन जागचे हलत नाही. प्रत्येक गेजचा स्टँड वेगळा. इंजिनाच्या धुऱ्या जास्त असतील, तर जादा रोलर सुटे घ्यावे लागतात.