शिंगटी आणि शून्य

दापोलीकराला मासा कळतो, पण समुद्राचा. हर्णैच्या लिलावात सुरमई नुसती बघून वजन सांगणारा माणूस नदीच्या डोहात कोण राहतं म्हणून विचारलं, की घड्याळ बघतो. त्याचाही दोष नाही. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याची लाल माती घेऊनच नदीत उतरतो. डोह म्हणजे मग टपरीवरचा उकळून ठेवलेला चहा. तळ बघायचा कुणी?

तळाची मंडळी डोळ्यांवर विसंबतच नाहीत. शिंगटीला मिशांच्या चार जोड्या. चाचपणं आणि चव घेणं, दोन्ही त्यांनीच. वाम दिवसा वाळूत तोंडापुरती उघडी. खरब्याचे पोटाखालचे पर जुळून त्यांची वाटी झालेली, त्यामुळे तो तळ सोडत नाही.

माझ्या भाच्याला कॉलेजच्या प्रकल्पासाठी नेमके हेच ‘नमुने’ हवे होते. भर दुपारी त्यानं जोग नदीत पाग फेकला. खोल पाण्यात पाग तळाला पोचेपर्यंत मिटत जातो, आणि पोचलाच तर दगडाला अडकतो. हाती आली ती वरच्या पाण्यातली चिल्लीपिल्ली. त्यानं वहीत लिहिलं : ‘तळातील मासे – शून्य’.

काठावर गरीला गांडूळ लावून तात्या बसले होते. म्हणाले, “बाबा, तुझ्या वहीत नाय म्हणून डोहात नाय काय? काळोख पडू दे.” काळोख पडला आणि गरीला शिंगटी लागली. भाचा हरखून धरायला गेला. शिंगटीच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे एकदा ताठ झाले की तसेच अडकून राहतात. भाच्यानं नमुना घेण्याआधी नमुन्यानंच त्याच्या रक्ताचा नमुना घेतला.

पाण्यात वीज सोडून मासे गुंगवणारी यंत्रं आहेत. पण खोल पाण्यात त्यांचा जोर कमी पडतो आणि गुंगलेला मासा गढुळात दिसतच नाही. बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून कोण राहतं ते कळतं, किती राहतात ते नेमकं कळत नाही. कुटलेली गेळफळं किंवा सुरुंग हे जुने उपाय 1897 च्या कायद्यानंच गुन्हा ठरलेत.

तेव्हा प्रकल्पवाल्यांनो, पाग दिवसा टाका, गरी रात्री. वहीत शून्य लिहाल तेव्हा कशानं आणि किती वाजता शोधलंत तेही शेजारी लिहा. आणि आधी काठावरच्या तात्यांना विचारा. ते मानधन मागत नाहीत, फक्त तंबाखू मागतात.