तिसरी पाळी

गिरणगावातल्या एका जुन्या गिरणीत मुक्काम झाला. म्हणजे हॉटेलात. गिलावा खरवडून उघड्या पाडलेल्या विटा, छताला लोखंडी पाइप, कोपऱ्यात गंजकं चाक. हा गंज म्हणे मुद्दाम जपलाय. आमच्या चाळीतही होता. त्याला घरमालकाचा हलगर्जीपणा म्हणत.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हजारोंना पुन्हा आत पाऊल टाकता आलं नाही. आता आधार आणि क्रेडिट कार्ड दाखवलं की दरवान सलाम ठोकून दार उघडतो. साचेखात्यात बार आहे, कॉकटेलचं नाव ‘तिसरी पाळी’. एका पेल्याच्या किमतीत तेव्हा खानावळीत अख्खं वर्ष निघालं असतं.

सकाळी अकराला खोली सोडायची. निदान त्यासाठी तरी भोंगा ठेवायचा!