राजावर विश्वास न ठेवणारा

हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची जुनी नाणी जमवणारा इंग्रज गृहस्थ लोकांना राजेरजवाड्यांचा भक्त वाटतो. प्रत्यक्षात राजावर त्याच्याइतका अविश्वास कुणाचाच नसेल. वरपक्षाने सांगितलेला पगार ऐकून मुलीचा मामा मान डोलावतो आणि मागाहून बाहेर चौकशी करतो, तसा हा नाण्यावरचं राजाचं नाव वाचतो. नाणं कडेने चिमटीत धरून दिव्याखाली तिरकं करतो, भिंग लावून राजाच्या केसांच्या बटा मोजतो आणि मग काट्यावर ठेवतो. तेराव्या शतकातली पेनी साधारण १.४ ग्रॅम भरायला हवी; फार कमी भरली, की कुणीतरी कड कातरून चांदी खिशात घातल्याचा गुन्हा तो तिथल्या तिथे नोंदवतो.

हा संशय त्याच्या अंगचा नाही. नाण्यांनीच तो लावला. ११८० ते १२४७ या काळातल्या इंग्लंडच्या पेनींवर ‘हेन्रिकस’, म्हणजे हेन्री, हेच नाव आहे. मध्ये रिचर्ड आणि जॉन राज्य करून गेले, पण त्यांची नावं तिथे उमटलीच नाहीत. पुढे एकामागून एक तीन एडवर्ड आले आणि पेनीवरचा चेहरा तोच राहिला. आता एडवर्ड कितवा, हे मुकुटाच्या घडणीवरून आणि अक्षरांच्या वळणावरून ठरवायचं. पहिल्या दोघांच्याच पेनींचे फॉक्स बंधू या नाणे-अभ्यासकांनी पंधरा वर्ग पाडले. हातातली पेनी दहाव्या वर्गातली की अकराव्या, यावर हा गृहस्थ जेवण निवेपर्यंत वाद घालतो. राजांचा तरी आपल्या माणसांवर भरवसा कुठे होता? पेनीच्या मागे ती पाडणाऱ्याचं नाव आणि गाव घालत, ते कौतुकाने नव्हे. खोट निघाली तर धरायचं कुणाला, हे कळावं म्हणून. ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीने नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडवले होते.

कुणी म्हणेल, हा सगळा पैशाचा लोभ. पण लोभी माणूस पेनीचा पाव तुकडा कशाला विकत घेईल? १२७९ पूर्वी सुटे हवे असले, की पेनी तिच्या मागच्या क्रॉसच्या रेघेवर कापून अर्धी किंवा पाव करत. त्या पावावर हा अख्ख्या पेनीपेक्षा जास्त बोलतो. दुसरा आक्षेप असा, की पुस्तकं असताना नाणी हवीत कशाला? तर पुस्तकात प्रत्येक प्रकाराचा एखादाच नमुना असतो आणि हाताने ठोकलेली दोन नाणी कधीच हुबेहूब नसतात. १६६२ पासून यंत्राने एकसारखी नाणी पाडायला लागले, तिथे ह्याचा रस संपतो. तिसरा आक्षेप वजनदार आहे: सारखा संशय घेऊन माणूस कोरडा होतो. त्याला उत्तर नाण्याच्या खणातच आहे. नाण्याखाली कधी कधी आधीच्या मालकाच्या हस्ताक्षरातली गोल चिठ्ठी असते आणि तिच्यावर मात्र हा डोळे झाकून विश्वास ठेवतो. ती लिहिणाऱ्यानेही राजाचं नाव खरं मानलं नव्हतं, याची त्याला खात्री असते.