पडा निवांत!

आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांकडे गेलं की पाणी विचारायच्या आधी ते विचारतात, “काय, पडणार का?”

निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, काका व्हीआरमध्ये शिरले. टीपॉय भिंतीला, गालिचा गुंडाळलेला आणि हॉलच्या मधोमध एक साधी लाकडी फळी. हेडसेट चढवला की हीच फळी ऐंशीव्या मजल्यावरून बाहेर आलेली दिसते. ‘रिचीज प्लँक एक्सपीरियन्स’ हा २०१६ सालचा खेळ. काकांच्या उत्साहात अजून २०१६च चालू आहे.

हेडसेटच्या आधी जाकीट. मुंजीतल्या बटूला नटवावं तसं ते काका स्वतः चढवतात. बगलेतला पट्टा ओढतात, आत बोट घालून बघतात, परत ओढतात. “चाळीस मोटरी आहेत, चाळीस! सैल राहिलं तर पडण्यात राम नाही.” वाऱ्याचा आवाज सुरू झाला की त्या आवाजावर जाकीट छातीपाठीशी थरथरतं. त्यात काकांची स्वतःची भर म्हणजे टेबलफॅन. “अगं, तीनवर कर! पडतायत!”

पडून झाल्यावर शास्त्र. आपल्या कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात, तोल त्यांच्या हाती. डोळे ओरडतात ‘पडलो’, खडे म्हणतात ‘छे, उभेच आहोत’. या भांडणातच पोटात ढवळतं. जाकीट खड्यांना फसवू शकत नाही, फक्त डोळ्यांच्या बाजूने साक्ष देतं. खड्यांनाच फसवायचं तर कानामागे बारीक वीज सोडावी लागते. सॅमसंगने २०१६ मध्ये तसा हेडफोन दाखवलाही होता. काका त्यावर फार हळहळतात. काकू म्हणतात, “घरात इन्व्हर्टर आहे तेवढा पुरे.”

गॅसवाला पडलाय, विमा एजंट पडलाय. काकांचे जावई तर शोकेसला मिठी मारून पडले. तो व्हिडिओ काका आल्यागेल्याला दाखवतात. पण घरातला बल्ब गेला की स्टुलावर चढतात काकू. काका खालून स्टुलाचे पाय धरतात, तेही डोळे मिटून. सिंहगडावर गेले तरी पिठलं-भाकरी खाऊन कड्याकडे पाठ करून बसतात. तळमजला का घेतला, हे विचारायची सोयच नाही.

परवा काकांच्या सासूबाई आल्या, वय ब्याऐंशी. फळीवर चढण्याआधी त्यांनी सवयीने चपला बाजूला काढल्या, चार पावलं टाकली आणि सरळ पुढे पाय ठेवला. जाकीट थरथरलं, फॅन तीनवर गेला, काका श्वास रोखून उभे.

“पोचले बाई,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, खाली भाजीबाजार कुठे आहे हो इथे?”