नाना, तुम्ही सोफा व्हा!

आमच्या शेंद्र्यात माल कधी अडत नाही. एमआयडीसीत टनभराची डाय फोर्कलिफ्टवर बसून नव्या नवरीसारखी आत-बाहेर करते. पॅलेटला उतार, कंटेनरला डॉक. आमचे शेजारी नाना इथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं डिस्पॅचला होते. दोन वर्षांपूर्वी पाय गेले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. मांगीरबाबाच्या जत्रेत पोरं त्यांना खुर्चीसकट उचलून गर्दीतून नेतात. पण नानांना हवं होतं नाटक.

मी शहरातल्या एका नाट्यगृहात फोन लावला. नाव लिहीत नाही, एकट्यावर कशाला अन्याय?

"व्हीलचेअरची सोय आहे का?"

"आहे की! ऑफिसात घडी करून ठेवलीय."

जालना रोडनं पोचलो. समोर नऊ पायऱ्या. पायरी सहा इंचांची धरली, तर साडेचार फूट उंची. नियम म्हणतो, एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, म्हणजे चौपन्न फूट. इथे तो दहा फुटांत उरकलेला. वर उद्घाटनाच्या कुंड्या आणि कुणाची तरी मोटारसायकल. नानांनी डिस्पॅचच्या नजरेनं एकदा बघितलं. "यावरून मी ड्रमसुद्धा सोडला नसता," म्हणाले.

व्यवस्थापक धावत आले. "चौघं मिळून उचलतो ना!"

"मध्यंतरात लघवीला जायचं झालं तर?"

"तेव्हाही उचलू." माणूस मोठा उदार. पुढे म्हणाले, "खरं सांगू? असे लोक येतच नाहीत हो." पायऱ्यांचा परिणाम त्यांनी पायऱ्यांचं कारण म्हणून वापरला. स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं, हे त्यांच्या कानावर गेलं नसावं.

कायद्याचं म्हणाल तर तो कधीच आत जाऊन बसलाय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षं दिली. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत. एवढ्यात नुसत्या कुंड्यासुद्धा यायच्या नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्लेवजा चालणार नाहीत, सक्तीचे करा, आणि सरकारला तीन महिने दिले. आमच्याकडे अजून चौघं उचलतात.

तेवढ्यात मागच्या बाजूला नेपथ्याचा टेम्पो लागला. तिकडे मोठं दार, रुंद, गुळगुळीत उतार. कपाट गेलं, सोफा गेला, प्लायवूडची तुळस गेली. आणि मग एक व्हीलचेअर! नाटकातले वडील म्हणे लुळे होते. रिकामी खुर्ची आत गेली, भरलेली बाहेर राहिली.

नाना बघत होते. म्हणाले, "मालाचंच गेट बरं."

टेम्पोवाला पोरगा समजदार निघाला. "काका, चला," म्हणाला आणि सोफ्यामागून नानांना ढकलत घेऊन गेला. नानांनी विंगेतून अख्खं नाटक पाहिलं. शेवटी लुळे वडील टुणकन उठले आणि नमस्काराला पुढे चालत गेले. सगळ्यात जोरात टाळ्या विंगेतून आल्या.

पडदा पडल्यावर पोरगा यादी घेऊन सामान मोजत होता. "कपाट एक, सोफा एक, तुळस एक, व्हीलचेअर दोन..." थांबला. डोकं खाजवत म्हणाला, "अरे, आणताना तर एकच होती!"