बारा आले म्हणजे बरा

रक्तातली साखर तपासून घ्या म्हटलं की आमचे नानाकाका म्हणतात, "जे चालतंय त्याला हात लावू नये." हा नियम त्यांच्या कॅल्क्युलेटरला लागू नाही. दिवाळीची साफसफाई आटोपली की कपाटातून त्यांचा एचपी-१२सी निघतो आणि त्याची रीतसर तपासणी होते.

हे मॉडेल १९८१ सालचं. आडवं, तपकिरी, वर सोनेरी पट्टी. आजही विकत मिळतं, पण काकांचा नग मेहुण्याने अमेरिकेहून आणलेला, म्हणून त्याचा मान वेगळा. काका बँकेत कर्ज विभागात होते. तिथे त्यांनी हे यंत्र कधी कुलपात ठेवलं नाही, कारण त्याला 'बरोबर'चं बटणच नाही. दोन आणि तीन मिळवायचे तर दोन, एंटर, तीन आणि मग अधिक. कुणी मागितलं की काका उदार मनाने देत. मागणारा थोडा वेळ खाली-वर, डावीकडे-उजवीकडे शोधाशोध करी आणि "राहू द्या साहेब, हातानेच करतो" म्हणून परत आणून देई.

तपासणीची पहिली पायरी अशी. यंत्र बंद असताना ऑनचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून गुणिले दाबायचं, मग आधी ऑन सोडायचं आणि नंतर गुणिले. पडद्यावर 'रनिंग' हा शब्द लुकलुकायला लागतो. साधारण पंचवीस सेकंद यंत्र स्वतःची आतून झडती घेतं. तेवढा वेळ काका घरात कुणाला बोलू देत नाहीत. कुकरने शिट्टी दिली तरी काकूंकडे रागाने बघतात. सगळं ठीक असेल तर शेवटी उणे चिन्ह आणि ओळीने दहा आठ उमटतात, प्रत्येक दोन आठांत स्वल्पविराम. आठच का, तर आठात आकड्याच्या सातही रेघा पेटतात. एखादी मेली असेल तर लगेच दिसते. त्याखाली सगळी छोटी अक्षरं एकदम उजळतात. त्यात 'ग्रॅड' असतं. ते कोन मोजण्याचं एकक. या यंत्राला कोन हा प्रकारच माहीत नाही, त्याचा जन्म व्याजात गेलेला. तरी या परीक्षेपुरतं तेही पेटतं आणि काका नोंद घेतात, "आपल्या उपयोगाचा नाही, पण शाबूत आहे." काही भाऊबंदांबद्दलही त्यांचं हेच मत आहे.

आता यातली गोम. उजव्या कडेला भागिले, गुणिले, मायनस, अधिक अशी चार बटणं एकाखाली एक आहेत. ऑनबरोबर भागिले दाबलं तर बटणांची तपासणी, गुणिले दाबलं तर आतल्या सर्किटची. आणि मायनस दाबलं तर सगळी मेमरी साफ! साठवलेले आकडे, प्रोग्रॅम, काही उरत नाही. पडद्यावर फक्त 'पीआर एरर'. वैद्य आणि यम शेजारीशेजारी राहतात. म्हणून काकांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा बटणांच्या मापाने कापून त्याला गुणिल्याएवढं भोक पाडलंय. तपासणीच्या वेळी तो वर ठेवतात. भोकातून एकच बटण दिसतं, पुठ्ठ्यावर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'.

दुसरी पायरी बटणांची. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, एकेक बटण दाबत जायचं. बटणं एकोणचाळीस, पण दाबायची चाळीस वेळा, कारण एंटर दोन ओळींत उभं पसरलंय. तिसऱ्या ओळीत एकदा आणि चौथ्या ओळीत पुन्हा. यंत्रात बिघाड असेल तर 'एरर ९' येतं. दाबणाऱ्याने क्रम चुकवला तरी 'एरर ९'च येतं. कोण नादुरुस्त आहे ते यंत्र सांगत नाही. हा निःपक्षपातीपणा मला फार आवडतो.

या वर्षी हे काम नातवाकडे, ओंकारकडे होतं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "एंटर झालं की मघाशी," म्हणत त्याने चौथ्या ओळीतलं एंटर गाळलं. एरर ९.

"बिघडलंय, आजोबा."

"यंत्र ठणठणीत आहे," काका म्हणाले. "तुला सर्व्हिसिंगला टाकायला हवं."

दुसऱ्या खेपेला शेवटचं अधिक दाबल्यावर पडद्यावर १२ आले. चाळीस वेळा दाबून बाराच कसे, हे ओंकारला कळेना. यंत्र पास झालं की स्वतःचा नंबर सांगतं. १५सी असतं तर १५ आले असते. तब्येत उत्तम असताना बारा वाजणारी ही एकच जात.

एवढ्यावर काकांचं समाधान होत नाही. सर्किट ठीक, बटणं ठीक, पण हिशेब येतो का? त्यासाठी बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान यांचं कोडं. काहान ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी, एचपीच्या कॅल्क्युलेटरांचे सल्लागार. एका बाईंना विचार करण्याचा मोबदला म्हणून सेकंदाला एक सेंट मिळतो, अहोरात्र. खात्यात दर सेकंदाला चक्रवाढ, व्याज दर साल दहा टक्के. वर्षअखेर किती? काका सेंटऐवजी पैसा घेतात. नुसती मुद्दल ३,१५,३६० रुपये. खरी मेख व्याजात आहे. सेकंदाचा दर इतका बारीक की तो एकात मिळवताना दहा आकडी कॅल्क्युलेटर १.००००००००३ च्या आसपास काहीतरी धरून बाकीची शेपटी छाटतो. मग त्याचा तीन कोटी पंधरा लाखांवा घात करताना अठरा हजारांवर रुपये गळू शकतात. १२सी गळू देत नाही. उत्तर आलं ३,३१,६६७ रुपये आणि वर एक पैसा. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

काकू चकल्या घेऊन आल्या होत्या. "सेकंदाला एक पैसा? नुसता विचार करायचा?"

"हो."

"मग माझे पन्नास वर्षांचे काढा. मी तर कामही केलंय."

काका भरात होते. पन्नासने गुणून मुदत भरली आणि बटण दाबलं. शेहेचाळीस कोटी अठ्ठेचाळीस लाखांच्या वर. खोलीत कुणी बोलेना. काकांनी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा बाजूला केला, यंत्र बंद केलं, एका हाताने ऑन दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मायनस.

पीआर एरर.

तोवर काकूंनी आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी उतरवून घेतला होता.